आर, जाळी आणि सुधारणेचा सोस

भोवरा विकत घेतला जातो त्या क्षणी तो तयार झालेला असतो, हा समज कातारी आणि दुकानदार या दोघांपुरताच मर्यादित आहे. घेणाऱ्याच्या लेखी तो घरी आल्यावर घडू लागतो. आर तिरपी आहे, पोट एका अंगाला जड आहे, रंग बोटांना लागतो आणि जाळी वीतभर आखूड आहे, हे पहिल्या तासाभरातच निर्विवादपणे सिद्ध केले जाते. सिद्ध करणाऱ्याला भोवरा अद्याप एकदाही फिरवता आलेला नसतो, ही गोष्ट मात्र त्या चौकशीच्या कक्षेत येत नाही. भोवऱ्याच्या डागडुजीचे सारे शास्त्र या सोयीस्कर मौनावर उभे आहे, आणि तरीही ते शास्त्र खोटे नाही, कारण भोवऱ्याची आर बहुधा खरोखरच तिरपी असते आणि ती सरळ केल्याने खरोखरच फरक पडतो. अडचण एवढीच, की फरक कोणत्या दिशेने पडेल हे ठोकण्यापूर्वी सांगता येत नाही.

महाराष्ट्रात ज्याला भोवरा म्हणतात ते खेळणे म्हणजे कातून केलेला, वर फुगीर आणि खाली निमुळता होत गेलेला लाकडाचा गोळा. त्याच्या निमुळत्या टोकात जो लोखंडी खिळा बसवलेला असतो ती ‘आर’, माथ्यावर जो छोटा उंचवटा ठेवलेला असतो ती ‘मुंडी’, आणि आरेपासून पोटापर्यंत जी दोरी घट्ट वेढे देत गुंडाळतात ती ‘जाळी’. जाळीचे मोकळे टोक बोटांत अडकवून भोवरा पुढे फेकायचा आणि तो हवेत असतानाच जाळी मागे हिसकायची, म्हणजे तो आर टेकून गरगरू लागतो. जमिनीला न टेकवता तो परस्पर तळहातावर झेलला तर त्या कौशल्याला ‘हातजाळी’ म्हणतात, आणि तो तळहाताऐवजी पितळी समईवर अथवा आजोबांच्या नडगीवर उतरला तर त्या प्रकाराला घरोघरी निरनिराळी नावे आहेत, ती छापण्याजोगी नाहीत. मेक्सिकोपासून पेरूपर्यंत हाच भोवरा ‘त्रोम्पो’ या नावाने खेळला जातो आणि तेथेही त्याचा संसार दोरी, खिळा व तक्रारी या तीनच गोष्टींवर चालतो.

डागडुजीचा विचार लाकडापासून सुरू करणे शास्त्रशुद्ध असले, तरी व्यवहारात लाकूड आधीच ठरलेले असते आणि घेणाऱ्याच्या हाती त्याबद्दल हळहळण्यापलीकडे फारसे काही उरत नाही. सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी खेळण्यांसाठी पूर्वापार पांगाऱ्याचे हलके लाकूड वापरले जाई. कर्नाटकातील चन्नपट्टणची खेळणी काळ्या कुड्याच्या पांढुरक्या, मऊ लाकडाची असतात, लेथवर फिरत्या लाकडाला लाखेची कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून रंग चढतो आणि मग केवड्याच्या पानाने घासून त्याला चकाकी आणतात. अशी लाकडे कातायला सुखाची आणि दिवाणखान्यात ठेवायला उत्तम. परंतु रिंगणाच्या खेळात, म्हणजे जमिनीवर आखलेल्या वर्तुळात हरलेल्याचा भोवरा ठेवून इतरांनी त्यावर आपापल्या भोवऱ्यांची आर नेमकी मारायची या खेळात, त्यांची अवस्था एका दुपारीत करुण होते. तेथे बाभूळ, चिंच किंवा शिसव यांसारखे कठीण लाकूडच टिकते. शिसवीचा भोवरा मिळणे ही मात्र भाग्याची गोष्ट असून, ज्या घरात तो अचानक दिसू लागतो त्या घरातील जुन्या पलंगाच्या खुरांची मोजणी एकवार करून घेणे इष्ट ठरते.

लाकूड कोणतेही असो, ते वाळताना आकसते आणि सर्व दिशांना सारखे आकसत नाही, हा भोवऱ्याच्या आयुष्यातील मूळ घोटाळा आहे. तंतूंच्या लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ आकसतच नाही. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने ते थोडे आकसते आणि वाढीच्या वर्तुळांना धरून जाणाऱ्या दिशेने साधारण त्याच्या दुप्पट. परिणामी, फांदीचा गाभा बरोबर मध्यभागी ठेवून भोवरा कातला तर त्याची गोलाई टिकते परंतु गाभ्यापासून कडेपर्यंत तडा जाण्याचा संभव वाढतो, आणि गाभा टाळून ओंडक्याच्या एका बाजूतून कातला तर तडा टळतो परंतु ओल्या लाकडाचा गोल भोवरा वाळता वाळता लंबगोल होतो. तडा की लंबगोल, एवढाच पर्याय निसर्गाने कातारकामाला ठेवलेला आहे, आणि त्यातून सुटण्याचा एकच मार्ग म्हणजे लाकूड आधी पुष्कळ दिवस सावलीत वाळू देणे. हा उपाय सर्वांना माहीत असतो आणि जत्रेच्या आदल्या आठवड्यात कोणालाही परवडत नाही. घेणाऱ्याने यावर एवढेच करावे, की नवा भोवरा उन्हात, गच्चीवर किंवा गॅसच्या शेगडीजवळ ‘लवकर वाळावा’ म्हणून ठेवू नये; तो लवकर वाळतोही, पण दोन भागांत.

आता आर. भोवऱ्यावर जेवढी माणसे हात चालवतात त्यांतील बहुसंख्य आरेपाशी थांबतात, आणि ते योग्यही आहे, कारण भोवऱ्याचा सारा जमीनव्यवहार त्या एका बिंदूतून होतो. आर अक्षात नसेल, म्हणजे भोवऱ्याच्या मध्यातून जाणाऱ्या काल्पनिक सरळ रेषेवर नसेल, तर भोवरा फिरत नाही, थरथरतो. तो जमिनीवर टणटण उड्या मारत पुढे जातो आणि हातावर घेतल्यास तळहाताला झिणझिण्या आणतो. याची परीक्षा सोपी आहे. आर पकडून भोवरा हळू फिरवावा आणि त्याच्या पोटाजवळ खडू स्थिर धरावा. जी बाजू बाहेर धावते तिलाच खडू लागतो, आणि खडूची रेघ सर्व बाजूंनी सारखी उमटली तर आर सरळ आहे असे समजावे. रेघ एकाच अंगाला उमटली तर त्या खुणेवरून कोणत्या बाजूला किती ठोकायचे याचा अंदाज येतो. पहिला ठोका नेहमी कमी पडतो. दुसरा जास्त पडतो. तिसरा ठोका हा दुसऱ्याची दुरुस्ती म्हणून मारला जातो, आणि चौथ्यापासून पुढचे ठोके हे दुरुस्ती या सदरात मोडत नाहीत.

टोक कसे असावे, याविषयी दोन संप्रदाय आहेत आणि त्यांच्यात मेतकूट जमल्याचे आढळत नाही. तीक्ष्ण आरेचा संप्रदाय असे मानतो, की टोक जितके बारीक तितके घर्षण कमी आणि फिरणे दीर्घ. बोथट आरेचा संप्रदाय असे मानतो, की टोक किंचित गोलसर असले तर भोवरा आपण होऊन ताठ उभा राहतो. दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच वाद मिटत नाही. टोक गोलसर असले की कललेल्या भोवऱ्याचा जमिनीला टेकणारा बिंदू अक्षावर न राहता जरा बाजूला सरकतो, तेथे जे घर्षण लागते ते अक्षाला हळूहळू उभे करते, आणि एकदा अक्ष उभा झाला की भोवरा जागच्या जागी इतका निश्चल फिरू लागतो की तो फिरतो आहे हे केवळ आवाजावरून कळते. तीक्ष्ण आरेला हा लाभ कमी मिळतो. शिवाय ती मातीत रुतते, फरशीच्या फटीत शिरते आणि पायाच्या अंगठ्याविषयी तिला विशेष ममत्व असते. दुसऱ्याच्या भोवऱ्यावर घाव घालायचा असेल तर मात्र तीक्ष्ण आरेला तोड नाही. तेव्हा आर कशी घासायची हा प्रश्न यांत्रिकीचा नसून स्वभावाचा ठरतो, आणि शाळकरी मुलांच्या स्वभावांची पारख करायची असल्यास गुणपत्रिकेपेक्षा खिशातला भोवरा अधिक विश्वासार्ह पुरावा आहे.

घासण्यासाठी कानस वापरावी असे पुस्तकी मत असले, तरी मराठी घरांत ही प्रक्रिया परंपरेने मागील दाराच्या दगडी पायरीवर होत आली आहे. आर एकाच जागी धरून घासली तर ती एका बाजूने चपटी होते. म्हणून भोवरा सतत फिरवत, थोडा कललेला ठेवून, थेंबभर पाणी घालून घासावा. शेवटी बारीक पॉलिश पेपरने टोक गुळगुळीत करावे, कारण ओबडधोबड टोक डोळ्यांना दिसत नसले तरी हातजाळीच्या वेळी तळहाताला तत्काळ दिसते.

आर सैल होणे ही याहून गंभीर तक्रार होय. भोवऱ्याच्या लाकडाचे तंतू उभे, म्हणजे अक्षाला समांतर असतात, आणि आरही त्यांना समांतरच आत जाते. तंतूंना आडवा ठोकलेला खिळा जसा पक्का धरला जातो तसा समांतर ठोकलेला धरला जात नाही, हे सुतारकामातील सर्वमान्य तत्त्व आहे. त्यात गाभा मध्यभागी ठेवून कातलेल्या भोवऱ्यात आर नेमकी गाभ्याच्या मऊ भागात बसते. अशा आरेवर रूढ उपाय म्हणजे भोवरा रात्रभर पाण्याच्या तांब्यात बुडवून ठेवणे. सैल झालेली कुऱ्हाड दांड्यासह पाण्यात ठेवण्याची जी रीत आहे तिचीच ही बालशाखा. लाकूड फुगते, आर आवळली जाते, सकाळी घरात समाधान पसरते. परंतु फुगण्यासाठी जागा नसलेले आतले तंतू खिळ्यावर चिरडले गेलेले असतात, आणि लाकूड पुन्हा वाळल्यावर भोक पूर्वीपेक्षा मोठे झालेले आढळते. मग पुन्हा तांब्या. या उपायाचे वैशिष्ट्य असे, की तो प्रत्येक वेळी यशस्वी होतो आणि प्रत्येक वेळी प्रकृती थोडी खालावते. त्यापेक्षा आर पूर्ण काढून, भोकात लाकडाचा भुसा आणि फेविकॉल यांचे मिश्रण भरून, ते दोन दिवस वाळू देऊन, मग सामत्याने म्हणजे हातगिरमिटाने खिळ्याहून किंचित बारीक भोक पाडून आर पुन्हा बसवणे हा खात्रीचा मार्ग आहे. त्यातील ‘दोन दिवस वाळू देऊन’ हे शब्द सामान्यतः वाचले जात नाहीत.

भोक न पाडता जाड खिळा थेट ठोकणाऱ्यांना भोवऱ्याची आतली रचना पाहण्याची संधी लगेच मिळते. जुने जाणकार खिळा विस्तवात लाल करून बसवतात, म्हणजे तो आपली जागा जाळत जातो आणि लाकूड फाटत नाही. मात्र तापलेला खिळा पक्कडीने धरायचा असतो, ही सूचना ज्यांच्यासाठी आवश्यक आहे त्यांच्या हाती विस्तव देऊच नये.

तोल साधणे हे डागडुजीचे उच्च शिक्षण मानले जाते आणि येथून पुढे मुलांची संख्या घटून निवृत्त अभियंत्यांची वाढते. तत्त्व असे की वजन अक्षापासून जितके दूर तितका भोवरा फिरणे सोडायला अधिक नाखूश. त्यामुळे पोटाच्या सर्वांत रुंद भागाभोवती सारख्या अंतराने पितळी चुका किंवा सायकलीचे छर्रे बसवले तर तो अधिक वेळ टिकतो, उलट तेच वजन मुंडीत भरले तर आरेवरचा भार वाढून घर्षण मात्र पदरी पडते. फिरवणाऱ्याच्या मनगटाला जड भोवऱ्यात तेवढाच वेग भरायला जास्त जोर लागतो, हे सहसा चुका ठोकून झाल्यावर लक्षात येते. आर आखूड केली की भोवऱ्याचे गुरुत्वमध्य खाली येते आणि त्याचे डुलणे मंदावते. फार आखूड केली तर थोडासा कल होताच पोट जमिनीला लागते आणि भोवरा एखाद्या तृप्त यजमानासारखा कुशीवर लवंडतो. म्हणजे प्रत्येक सुधारणा एक गुण देते आणि दुसरा काढून घेते, आणि सुधारकाचा सारा आनंद या देवघेवीतला तोटा दुसऱ्या दिवशी दिसण्यात असतो.

डुलणे हा दोष समजून ज्यांची झोप उडते त्यांच्या माहितीसाठी, फिरत्या वस्तूचा कललेला अक्ष स्वतःच सावकाश घिरटी घेतो या क्रियेला परांचन म्हणतात, आणि पृथ्वीचा अक्षही असाच डुलत असून त्याची एक घिरटी पुरी व्हायला सुमारे २६,००० वर्षे लागतात. तिची आर ठोकून पाहण्याची कोणाला सोय नाही, हे एका परीने बरेच आहे.

थोर माणसेही या सोसातून सुटलेली नाहीत. विद्युतचुंबकत्वाची समीकरणे मांडणारा जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८५७ साली एक पितळी भोवरा करवून घेतला होता, ज्याला चहूबाजूंनी मागेपुढे सरकवता येणारे स्क्रू होते. ते फिरवून वजनाची वाटणी हवी तशी बदलावी आणि भोवरा कसा डुलतो ते पाहावे, अशी ती योजना. आख्यायिका अशी सांगतात, की केंब्रिजमध्ये मित्र रात्री त्याच्या खोलीतून निघाले तेव्हा हा भोवरा फिरत होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांतला एक जण येताना दिसताच मॅक्सवेलने अंथरुणातून उडी मारून भोवरा पुन्हा चालू केला व झोपेचे सोंग घेतले. डागडुजी करणाऱ्यांच्या समग्र वाङ्मयात याहून प्रामाणिक पान नसावे: भोवरा सुधारण्यामागे तो फिरावा ही इच्छा असते, परंतु तो रात्रभर फिरला असे शेजाऱ्याला वाटावे ही इच्छा अधिक बलवत्तर असते.

गणिताचा प्रवास तर याहून विनोदी आहे. कोणत्याही भोवऱ्याची गती सूत्रात पकडण्याचे प्रयत्न शतकभर झाले आणि हाती फक्त दोन प्रकार लागले: एक ऑयलरचा, ज्यात भोवरा बरोबर गुरुत्वमध्यावर पेललेला असतो, आणि दुसरा लाग्रांजचा, जो अक्षाभोवती सर्वांगी सारखा असलेला, म्हणजे कातारी ज्याचे स्वप्न पाहतो तो. तिसरा प्रकार सोफिया कोवालेव्हस्काया या रशियन गणितीने शोधला आणि त्यासाठी १८८८ साली फ्रेंच विज्ञान अकादमीने तिला बोर्दँ पारितोषिक देताना काम इतके असामान्य मानले, की ठरलेली ३,००० फ्रँकांची रक्कम वाढवून ५,००० केली. या तिसऱ्या भोवऱ्याचे गुरुत्वमध्य अक्षावर नसून बाजूला सरकलेले असते. थोडक्यात, जो भोवरा कोणतेही मूल दुकानदाराच्या अंगावर परत फेकेल, तोच गणिताने पारितोषिक देऊन घरात घेतला. या तिघांपलीकडचा सर्वसाधारण भोवरा, म्हणजे पोटाला एका अंगाने चुका मारलेला आणि आर दुसऱ्या अंगाला गेलेला, आजही अशा सर्वंकष सूत्राच्या बाहेरच आहे. त्याच्या मालकाने याचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही. पुढे फेलिक्स क्लाइन आणि आर्नोल्ड झोमरफेल्ड या जर्मन विद्वानांनी भोवऱ्याच्या सिद्धांतावर १८९७ ते १९१० या काळात चार भागांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यात घर्षणादी व्यत्ययांचा विचार तिसऱ्या भागात येतो. मुलांच्या हातात तो पहिल्याच फेकीला येतो. १९५१ साली स्वीडनमधील लुंड येथे नील्स बोर आणि वोल्फगांग पाउली हे दोन नोबेल पारितोषिकविजेते, फिरता फिरता स्वतःच उलटा होणाऱ्या एका चिमुकल्या भोवऱ्यावर ओणवे होऊन पाहत असल्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. दोघांच्या चेहऱ्यांवर जो भाव आहे तो पाहता, त्यांपैकी कोणी तरी लवकरच कानस मागणार होता असे वाटते.

जाळीकडे मात्र विद्वानांनी साफ दुर्लक्ष केलेले आहे, आणि प्रत्यक्षात फसलेल्या फेकींपैकी पुष्कळ जाळीच्या खात्यावर जमा व्हायला हव्यात. सुती जाळी उत्तम, कारण सुताला लाकडावर पकड असते. नायलॉनची दोरी दिसायला चकचकीत, तुटायला अवघड आणि वेढा सुटायला तत्पर असते. दोन पदरी, चांगला पीळ दिलेली, फार जाड नाही अशी सुती दोरी घ्यावी. एका टोकाला पक्की गाठ मारून त्यात सोड्याच्या बाटलीचे चेपलेले झाकण भोक पाडून ओवावे, म्हणजे ते बोटांच्या मागे अडकते आणि दोरी भोवऱ्याबरोबर शेजारच्या आवारात जात नाही. दुसरे टोक किंचित ओले करून पहिला वेढा आरेच्या मुळाशी घट्ट बसवावा. ओले करण्यासाठी पाणी वापरण्याची सूचना आरोग्यशास्त्र करते. परंपरेने या कामासाठी मुलांना दुसरे साधन जन्मतःच दिलेले असून ते कधी विसरत नाही. जाळीचा उगम हा संशोधनाचा स्वतंत्र विषय आहे. दुकानातून विकत आणलेली जाळी हा अलीकडचा प्रकार असून पूर्वी ती लेंग्याच्या नाडीपासून, परकराच्या नाडीपासून किंवा विहिरीच्या दोराच्या उसवलेल्या पदरापासून मिळवली जाई, आणि ती हरवल्याचा शोध तिच्या मूळ धन्याला बहुधा चारचौघांत लागे.

वेढे खालून वर, एकाला एक चिकटून, एकावर एक न चढवता द्यावेत. घसरत असतील तर निमुळत्या भागावर कानसेच्या कडेने उथळ खाचा पाडाव्यात, किंवा जाळीवर मेणबत्तीचा तुकडा एकदा फिरवावा. दोनदा फिरवला तर जाळी भोवऱ्याला सोडायला तयार होत नाही आणि तो फेकल्यावर इमानाने परत येतो. डावखुऱ्यांनी वेढे उलट दिशेने द्यावेत. हे त्यांना कोणी सांगत नाही, आणि त्यामुळे कित्येक भोवऱ्यांच्या आरी विनाकारण सरळ केल्या गेल्या आहेत.

तेलपाण्याबाबत अतिरेक हीच मुख्य व्याधी होय. भोवऱ्याला खोबरेल चोळण्याची प्रथा मायेपोटी आलेली आहे, कारण घरात ज्याच्यावर जीव असतो त्याला खोबरेल लावले जाते. परंतु खोबरेल वाळत नाही, त्याचा थर चिकट राहतो, धूळ धरतो आणि जाळी निसटवतो. अळशीचे उकळलेले तेल, ज्याला रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणतात, हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते आणि लाकडात मुरून त्याला पावसाळ्याच्या दमटपणापासून बऱ्यापैकी जपते. ते फडक्याने अगदी पातळ लावून दुसऱ्या दिवशी कोरडे पुसावे. या तेलाचे फडके मात्र चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नये. वाळताना ते तापते आणि आपोआप पेट घेऊ शकते, म्हणून ते पसरून वाळवावे किंवा पाण्यात भिजवून टाकावे. किरकोळ किमतीच्या वस्तूची निगा राखताना घर गमावल्याची नोंद विमा कंपनीला समजावून सांगणे कठीण असते. लाखेचा मूळ रंग चांगला असेल तर यांतले काहीच करू नये, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अप्रिय सल्ला आहे.

नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण भोवऱ्यावाल्यांच्या तोंडावर नेहमी मारली जाते, आणि त्यांच्यापुरती ती अन्यायाची आहे, कारण त्यांचे अंगण खरोखरच वाकडे असू शकते. शेणाने सारवलेली जमीन आरेला थोडी रुतू देते आणि भोवऱ्याला एका जागी धरून ठेवते. शहाबादी फरशीवर तो उत्तम फिरतो, मात्र फटी टाळाव्या लागतात. आणि नव्या सदनिकांतील आरशासारख्या गुळगुळीत टाइल्सवर तो उतारामागे घरंगळत थेट सोफ्याखाली जातो, ज्यामुळे बांधकामात जमीन कोणत्या बाजूला कललेली आहे हे बिल्डरच्या इच्छेविरुद्ध सिद्ध होते. खालच्या मजल्यावरील रहिवाशांना या प्रयोगाचा फक्त ध्वनी पोहोचतो. अशा वेळी आरेच्या टोकाला रबर लावण्याची जी सुधारणा सुचवली जाते तिच्यामुळे आवाज बंद होतो हे खरे, परंतु त्याच्याबरोबर भोवराही बंद होतो. या खटाटोपाला पर्याय हवा असेल, तर एका जपानी कंपनीने १९९९ साली बाजारात आणलेल्या ‘बेब्लेड’ या भोवऱ्यांना बदलायचे भाग पाकिटातच मिळतात आणि खेळायला प्लॅस्टिकचे तबकही. त्यात मुलांचे कष्ट वाचतात आणि पालकांचे पैसे वाचत नाहीत.

रिंगणात खाल्लेले घाव बुजवावेत की नाही, हा अखेरचा प्रश्न. उथळ घाव तसेच ठेवावेत. ते तोल बिघडवत नाहीत आणि प्रतिष्ठा वाढवतात. खोल घावात भुसा-फेविकॉल किंवा रंगाऱ्याची लांबी भरून वाळल्यावर पॉलिश पेपरने घासावे. व्यवहारी मुले याहून चांगला मार्ग काढतात. ती फिरवण्यासाठी एक चांगला भोवरा ठेवतात आणि हरल्यावर रिंगणात मांडण्यासाठी दुसरा, टाकाऊ; न्यायाच्या दृष्टीने हे कितपत बरोबर यावर वाद होतात, पण कायदेशीर सल्लागारांची एक अख्खी पिढी या वादांतून तयार झाली असल्याने तो प्रकार सर्वस्वी निंद्य म्हणता येत नाही. तडा मात्र बुजवण्याच्या भरीस पडू नये. आरपार तडा गेलेला भोवरा दोऱ्याने बांधून, गोंद भरून, वर तांब्याची तार आवळून पुन्हा फिरवल्यास तो वेगात असताना उकलतो, आणि त्याचे दोन्ही तुकडे पूर्वी एकत्र राहून कधी गेले नव्हते इतके दूर जातात.

तडा गेल्यावर लाकूड चुलीत जाते, पण आर जात नाही. महिनोन्‌महिने पायरीवर घासून हाताला बसलेली आर लाकडापेक्षा मौल्यवान मानली जाते आणि ती काढून नव्या भोवऱ्यात बसवायची असते. नव्या भोवऱ्याचे भोक बहुधा तिच्याहून बारीक असते, हे ठोकण्यापूर्वी पडताळून पाहावे, नाही तर चुलीला लगेच दुसरे सरपण मिळते. जुनी आर उपटताना ती पक्कडीने सरळ वर ओढावी, डावीउजवीकडे वाकवू नये, आणि पक्कड सापडत नसेल तर ती सापडेपर्यंत थांबावे. दातांनी ओढू नये.